दयेची बोरीन

शुक्रवारी सकाळी अट्रॅक्टा लॅव्हिन सायकल ढकलत दुकानाकडे निघाली. घरात धाकटा भाऊ फिनटन पेटीत निजवलेला होता, बसायला येणाऱ्यांची रीघ लागली होती, आणि चहा संपला होता. मयताच्या घरी चहा कमी पडला तर त्या भागात ते तीन पिढ्या बोलून दाखवतात. तिला दोन पौंड चहा, हॅमचा मोठा तुकडा, तंबाखू आणि मेणबत्त्या एवढंच आणायचं होतं.

रात्रभर जागून डोळे चुरचुरत होते, पण पायांना वाट पाठ होती. ती दुधाच्या चढावरून उतरली, विधवेच्या कोपरावर वळली आणि हंसांचं वळण डावीकडे ठेवून दुकानापाशी आली. ही नावं कुठल्याही पाटीवर नव्हती, ती फिनटनच्या तोंडी होती. सत्तावीस वर्षं तो कौन्सिलच्या रस्त्यांवर खडी टाकत होता, चर उपसत होता. कुठल्या चढावर कुणाच्या गाडीतलं दूध सांडलं, कुठल्या वळणावर कोणती बाई भिंतीवर कोपर टेकून बुडालेल्या नवऱ्याची वाट बघायची, सगळं त्याला ठाऊक. "सुखानं चालत घरी गेलेल्या माणसाची आठवण कुठलाच रस्ता ठेवत नाही," तो म्हणायचा. "नाव पडतं ते कुणाचं तरी बरंवाईट झालं म्हणून."

दुकानवाल्या विनी डर्कनने चहा तोलला आणि वर चिमूटभर जास्त टाकला.

"वाईट झालं गं. एवढा गुणी माणूस, पण छातीनं दगा दिला बघ." मग तिनं पुडी बांधता बांधता मान हलवली. "आणि एक गेलं की दुसरं जातंच. टॅन्सींची म्हातारी, ऑनर, कालच गेली. एक्याण्णव वर्षांची होती, म्हणजे सोनंच झालं. उद्या दोनची मिस्सा, प्रार्थना, त्यांच्या चॅपेलात, आणि मग किलकोऱ्याला."

अट्रॅक्टाच्या हातातल्या मेणबत्त्या हातातच राहिल्या. "उद्या? किलकोऱ्याला?"

"मग? परवापासून फाटकाला कुलूप ना." एवढं बोलून विनीनं तिच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "अगं... तुमचीही मिस्सा उद्या दोनचीच का?"

किलकोरा म्हणजे तळ्याकाठची जुनी दफनभूमी. ती भरली होती, खणलं की पाणी लागत होतं, म्हणून कौन्सिलनं ती बंद करायची ठरवलं होतं. ज्यांची जागा शिल्लक होती त्यांना या शनिवारपर्यंत मुदत. रविवारपासून सगळ्यांनी शहरातल्या नव्या दफनभूमीत जायचं, गुरांच्या बाजारामागे. त्याबद्दल लोकांची तक्रार नव्हती. तक्रार दुसऱ्याच गोष्टीची होती, आणि ती कौन्सिलला लिहून कळवण्यासारखी नव्हती.

किलकोऱ्यात जो सर्वांत शेवटी पुरला जातो, त्यानं फाटकावर राखण करायची असते. रात्रंदिवस, एकट्यानं, पुढचा येईपर्यंत. पुढचा आला की याची सुटका. ऑनरच्या नवऱ्यानं म्हणे अकराच दिवस राखण केली, कुणी दीड महिना केली. म्हणून एका दिवशी दोन मयतं निघाली की पूर्वी किलकोऱ्याच्या वाटेवर शर्यत लागायची. गाड्या उलटायच्या, माणसं फावडी घेऊन एकमेकांच्या अंगावर जायची, आणि फादर लोक पुढच्या रविवारी व्यासपीठावरून सगळ्यांची खरडपट्टी काढायचे. हसण्यावारी न्यायचं म्हटलं तर तेही जमायचं. पण या शनिवारी शेवटचा जो जाईल, त्याच्यानंतर कुणीच येणार नव्हतं.

"ऑनर खमकी होती," विनी हळूच म्हणाली. "सैतान आला असता तरी तिनं त्याला पाय पुसायला लावले असते. तिला नसतं काही वाटलं... पण फिनटन..."

सेहेचाळीस वर्षांचा, बैलासारखा राबणारा फिनटन अंधाराला घाबरायचा. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्या रात्री आईच्या खोलीत कुणाच्या लक्षात न येता तो कोंडला गेला होता, आणि सकाळपर्यंत दार ठोठावत होता. तेव्हापासून त्याच्या उशाशी दिवा असायचा. हिवाळ्यात चार वाजता काम टाकून तो घराकडे निघायचा, बरोबरचे गडी "कोंबडी खुराड्यात चालली" म्हणून हसायचे आणि तोही हसायचा. अट्रॅक्टानं लग्न केलं नाही त्याची कारणं लोक वेगवेगळी सांगत. खरं कारण एवढंच होतं, की रात्री दोनला दिव्यात तेल कोण घालणार? गुरुवारी मरतानाही तो तेच म्हणाला होता, "दिवा राहू दे हं." तिनं हो म्हटलं होतं.

घरी येताना ती बोरिनीच्या तोंडाशी थांबली. दगडी बांधांच्या मधून जाणारी ती अरुंद वाट दलदलीतून सरळ किलकोऱ्याला जाते. दीड मैल, पण त्या वाटेनं कुणी जात नाही.

वसंतात कौन्सिलचा एक तरुण इंजिनिअर वही घेऊन आला होता. रस्त्यांना पाट्या लावायच्या होत्या. फिनटननं त्याला हौसेनं सगळी नावं सांगितली, पण इथं आल्यावर तो गप्प झाला.

"नकाशात या वाटेचं नाव दयेची बोरीन असं आहे," इंजिनिअर म्हणाला होता. "छान आहे की!"

"इथं पाटी लावू नका साहेब. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ती लागत नाही, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांनी इकडे येऊ नये."

मग फिनटननं सांगितलं. बटाटा सडला त्या दुष्काळात ही वाट वाडगाभर मक्याच्या लापशीवर बांधून घेतली. बांधणारे बांधता बांधताच मरत होते. एवढ्या पेट्या कुठून आणायच्या? म्हणून एकच पेटी केली, तळाला बिजागरी आणि कडी असलेली. मढं घालायचं, किलकोऱ्याला न्यायचं, खड्ड्यावर धरून कडी ओढायची, आणि रिकामी पेटी पुढच्यासाठी परत आणायची. आपल्याकडे समोरून कुणाचंही मयत आलं, अगदी वैऱ्याचं असलं, तरी माणूस मागे वळतो आणि त्याच्याबरोबर तीन पावलं चालतो. दयेची तीन पावलं. पण त्या वर्षी तापाच्या भीतीनं लोक बांधावरून उड्या टाकून पळायचे. या वाटेवरून गेलेल्यांना कुणाचंच पाऊल मिळालं नाही.

"दया होती म्हणून नाव नाही पडलं साहेब," फिनटन म्हणाला होता, "नव्हती म्हणून पडलं."

इंजिनिअर गेल्यावर तो अट्रॅक्टाला एवढंच म्हणाला, "इथं समोरून कुणी आलं ना ताई, तर आधी आपण वळायचं. त्यांना वळू द्यायचं नाही." का, ते त्यानं सांगितलं नाही. त्यालाही ते कुणी सांगितलं नसावं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात माणसं दाटीवाटीनं बसली होती. अट्रॅक्टानं सगळ्यांच्या देखत विषय काढला. हंसांच्या वळणावर तळ्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं. शववाहिकेला शहरावरून वळसा घालावा लागणार, अकरा मैल. टॅन्सींना डांबरी रस्ता, तीन मैल.

"बोरिनीनं दीड मैल," ती म्हणाली.

कुणीतरी कप बशीत ठेवला. चुलतभाऊ मॅलकी चुलीशी बसला होता, तो वर न बघता म्हणाला, "ताई, त्या वाटेनं पेटी नेत नाहीत."

"गाडी जाणार नाही ते मला कळतं. खांद्यावर नेऊ."

"मी गाडीचं म्हणत नाहीये."

"मग काय म्हणतोस ते स्पष्ट म्हण. आणि त्या खोलीत जा, त्याच्या तोंडाकडे बघ, आणि मग म्हण."

मॅलकी उठला नाही. चुलीत बघतच म्हणाला, "आठ जण लागतील. चार-चार आलटून पालटून." हे ऐकून अट्रॅक्टाला रडू फुटलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

शनिवारी मिस्सा संपली तेव्हा पावणेतीन झाले होते. फादरना वाटेबद्दल सांगितलं तेव्हा ते चिडले. शिकलेली माणसं तुम्ही, माणूस चंद्रावर जाऊन आला आणि तुम्ही मेलेल्यांच्या शर्यती लावता, वगैरे. मग ते आपल्या मोटारीतून शहराच्या रस्त्यानं गेले, आणि पेटी खांद्यावर निघाली. पेटीखाली चार, बदलीला मागे चार, आणि त्यांच्यामागे अट्रॅक्टा आणि पाच-सहा शेजारी.

बोरिनीत शिरेपर्यंत चांगला उजेड होता. शंभर पावलं गेल्यावर तळ्यावरून धुकं आलं. हळूहळू नाही, कुणी खोलीचं दार लोटावं तसं आलं. बांध दिसेनासे झाले, मग पुढच्या माणसांच्या टोप्या. ओल्या जळणाचा, कुजलेल्या गवताचा नेहमीचा वास होता. पाय चिखलात रुतायचे आणि सुटताना आवाज करायचे. मॅलकी हलक्या आवाजात "डावा... उजवा..." म्हणत होता, म्हणजे चौघांची पावलं जुळावीत. अट्रॅक्टा पेटीच्या पितळी कडीवर नजर ठेवून चालत होती. तेवढीच एक वस्तू तिला नीट दिसत होती.

अर्धी वाट झाली असेल. खांदे बदलले. धुक्यात तळ्यापलीकडून एक घंटा ऐकू आली. टॅन्सींच्या चॅपेलची होती. म्हणजे त्यांची पेटी बाहेर निघाली.

"पाय उचला," अट्रॅक्टा म्हणाली.

आणि मग वास बदलला. करपलेल्या मक्याचा, तळाला लागलेल्या लापशीचा वास. दलदलीत, जिथं मैलभर घर नाही, तिथं. मॅलकीचं "डावा, उजवा" थांबलं.

"ताई..." तो म्हणाला. "समोरून मयत येतंय."

"कुणाचं?"

"कळत नाही... पण पेटी आहे. खांद्यावर आहे."

ती कडेनं पुढे गेली. वीसेक पावलांवर धुक्यात चार माणसं होती आणि त्यांच्या खांद्यावर एक लांबट काळं काही. त्यांच्यामागे शाली घेतलेल्या बायका. कुणी रडत नव्हतं, कुणी प्रार्थना म्हणत नव्हतं. चिखलात पावलं पडत होती, पण बुटांचा आवाज येत नव्हता. उघड्या पायांचा येतो तसा चपचप आवाज येत होता. आणि पेटी त्यांना जड वाटत नव्हती. चौघांचे खांदे सरळ होते.

"किलकोऱ्याकडून येतायत," मॅलकी पुटपुटला. "किलकोऱ्याकडून भरली पेटी घेऊन कोण परत येतं?"

भरलेली नाही, हे अट्रॅक्टाला त्याच क्षणी कळलं. पेटीच्या तळाशी लोखंडाची कडी पावलागणिक आपटत होती... खट... खट...

"वळायचं का, ताई?" एकजण म्हणाला. "तीन पावलं... वळूया ना."

तिला फिनटनचं बोलणं आठवत होतं. शब्द न् शब्द आठवत होता. पण त्या अरुंद वाटेत पेटीसकट चार माणसं वळवायची, परत वळवायची, म्हणजे पाच मिनिटं गेली. पलीकडे घंटा वाजतच होती. तिला डोळ्यांपुढे फाटक दिसत होतं, आणि फाटकाशी काळोखात उभा असलेला फिनटन, दार ठोठावणारा. ती स्वतः तर वळू शकली असती. एकटीनं तीन पावलं टाकली असती तर कदाचित भागलंही असतं. पण त्या वेळी तिला समोरच्या माणसांचा राग आला. आपल्याच वाटेत, आजच का, असा. माणूस दुःखात किती कोता होतो ते त्याला नंतर कळतं.

"वळू नका," ती म्हणाली. "बांधाला चिकटून पुढे चला."

कुणी हललं नाही. मग मॅलकीनं पाऊल टाकलं आणि बाकीच्यांनी टाकलं.

समोरची माणसं थांबली. सर्वांत पुढे एक बाई होती. तिचा चेहरा धुक्यात नीट दिसला नाही, पण तिनं मान लववली ते दिसलं. दुसऱ्याच्या मयतापुढे लववतात तशी, अदबीनं. आणि ते सगळे एकदम वळले. चार खांदेकरी, पेटी, बायका. पाठमोरे झाले आणि फिनटनच्या पुढे, फिनटनबरोबर चालू लागले.

एक.

दोन.

तीन.

तिसऱ्या पावलाला माणूस थांबतो, क्रूसाची खूण करतो आणि आपल्या वाटेनं जातो. अट्रॅक्टा श्वास धरून ऐकत होती.

चौथं पाऊल पडलं. मग पाचवं. मग त्यांची चाल वाढली, कडीचा आवाज भरभर येऊ लागला, लांब लांब गेला, आणि धुकं पूर्वीसारखं मुकं झालं.

"पुढे गेले," कुणीतरी म्हणालं.

"जाऊ देत," अट्रॅक्टा म्हणाली.

"तसं नव्हे ताई," मॅलकी म्हणाला. "आपल्या पुढे गेले."

उरलेली वाट ते जवळजवळ धावले. खांद्यांना वळ पडले, एकाचा बूट चिखलात राहिला, तो घ्यायला कुणी थांबलं नाही. किलकोऱ्याच्या फाटकाशी आले तेव्हा तिथं एकही गाडी नव्हती. टॅन्सी आले नव्हते. अट्रॅक्टानं फाटकाचा गज धरला आणि मोठ्यानं देवाचे आभार मानले. पेटी फाटकातून आत गेली.

खड्डा खणायला सकाळपासून पॅकी किलगॅनन आणि त्याचा मेहुणा होते. पॅकी फावड्याला लागलेली माती गवतानं पुसत होता. त्यानं वर पाहिलं, पेटी पाहिली, टोपी काढली, आणि परत घातली.

"हे कोण?" त्यानं विचारलं.

"कोण म्हणजे?" मॅलकीला धाप लागली होती. "फिनटन."

"फिनटन?" पॅकीनं मेहुण्याकडे पाहिलं. "थट्टा करण्याची ही जागा नाही, मॅलकी. फिनटनला पुरलं की आपण मघाशी. तुम्हीच तर आणलंत."

पॅकीनं बोट दाखवलं. लॅव्हिनांच्या जागेत, आईच्या डाव्या हाताला, जिथं सकाळी खड्डा खणला होता, तिथं आता सपाट जमीन होती. वर गवताच्या ढपल्या बसवलेल्या, आणि त्यांचे सांधे दिसत नव्हते. वर्षभरापूर्वी बसवल्यासारखं गवत जुळून आलं होतं.

"धुकं होतं," पॅकी म्हणाला. त्याचा आवाज आता बारीक झाला होता. "तुम्ही आलात, काही न बोलता पेटी धरलीत खड्ड्यावर... मी दोर द्यायला गेलो तर नको म्हणालात. मग आम्ही माती लोटली. तू इथं उभी होतीस, अट्रॅक्टा. इथं. ढपली तूच माझ्या हातात दिलीस. हात बर्फासारखा होता तुझा, मी म्हटलंसुद्धा तसं... तू अनवाणी होतीस. मला वाटलं बूट चिखलात राहिले."

"आणि पेटी?" अट्रॅक्टानं विचारलं.

"पेटी?"

"पेटी खाली सोडलीत, की परत नेली?"

पॅकीच्या मेहुण्यानं उत्तर दिलं. "परत नेली," तो म्हणाला.

तो खड्डा उघडायला कुणीही तयार झालं नाही. मॅलकीनं सरळ सांगितलं, माझे हात तोडा पण मी त्या गवताला फावडं लावणार नाही. राहता राहिली आईच्या उजव्या हाताची जागा. ती अट्रॅक्टाची होती. लहानपणापासून तिला ठाऊक होतं की आपण तिथं जाणार. "तिथं खणा," ती म्हणाली. "लवकर खणा." आणि तिनं स्वतः पॅकीच्या हातातलं फावडं ओढून घेतलं.

गुडघाभर खणून झालं होतं तेव्हा फाटकाशी दिवे दिसले. टॅन्सींची शववाहिका होती. मागोमाग फादरांची मोटार.

अट्रॅक्टा मातीच्या हातांनीच धावत गेली. ऑनरचा मुलगा ल्यूक, साठीचा थोराड माणूस, पेटीमागे उभा होता.

"ल्यूक, अर्धा तास थांब. फक्त अर्धा तास. आमचा खड्डा तयार नाही... तुला ठाऊक आहे फिनटन कसा होता. तुझी आई धीराची होती रे. ती नसती घाबरली."

ल्यूकनं आपल्या टोपीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिला दिसलं.

"धीराची होती," तो म्हणाला. "पण शेवटचे आठ दिवस ती रोज रात्री मला हाक मारायची. म्हणायची, ल्यूक, मला एकटीला ठेवू नकोस." मग तो म्हणाला, "माझी आई आहे, अट्रॅक्टा."

ती बाजूला झाली. तिनं तेच केलं असतं, आणि वाटेत तेच केलं होतं.

ऑनर टॅन्सीला पावणेपाचला पुरलं. फिनटनला पाच वाजून वीस मिनिटांनी, कंदिलाच्या उजेडात. फादर काही रागावले नाहीत, फक्त भराभर प्रार्थना म्हणाले आणि एकदाही त्या दुसऱ्या गवताकडे बघितलं नाही. निघताना अट्रॅक्टानं कंदील भिंतीवर ठेवला. सोमवारी कौन्सिलच्या माणसानं फाटकाला साखळी घातली.

त्या हिवाळ्यात ती रोज चार वाजता किलकोऱ्याच्या भिंतीपर्यंत जायची. कंदिलात तेल घालायची, काच पुसायची, तो पेटवायची, आणि भिंतीला टेकून काहीबाही बोलायची. आज कुठल्या वळणावर चर तुंबला, कुठल्या चढावर कुणाची सायकल घसरली, असलं. उत्तर कधी आलं नाही. पण सकाळी कंदील विझलेला असायचा, आणि तेल तेवढंच्या तेवढं शिल्लक असायचं. वारा असेल, असं लोक म्हणायचे. ती मात्र रात्रभर जागी असायची. भाऊ अंधारात उभा आहे, आणि तो आपल्यामुळे उभा आहे, हे तिला खाऊन टाकत होतं.

फेब्रुवारीत तिला मार्ग सुचला. किलकोऱ्यात आणखी एक माणूस पुरला गेला की फिनटन सुटणार होता. मग तो माणूस आपण का नाही? तिला अंधाराची भीती नव्हती. तिनं कौन्सिलला अर्ज केला, नीट अक्षरात, की माझ्या भावाच्या दफनाच्या वेळी जागेची अदलाबदल झाली, तरी आईशेजारची एक जागा माझ्या नावानं राखून ठेवावी आणि माझ्यापुरतं फाटक उघडावं. खाली सही केली. अर्ज पोस्टात टाकून आली त्या रात्री ती पहिल्यांदा शांत झोपली. आपण अठ्ठावन्न वर्षांच्या आहोत, फार काळ लागणार नाही, या विचाराचं तिला सुख वाटलं.

उत्तर ईस्टरनंतर आलं. कौन्सिलच्या कागदावर, टाइप केलेलं. तिनं ते खिडकीपाशी नेऊन वाचलं.

आपली विनंती मान्य करता येत नाही, असं त्यात होतं. किलकोरा दफनभूमीच्या नोंदवहीप्रमाणे शेवटच्या दिवशी तिथे एकूण तीन दफनं झाली. त्यांचा क्रम असा: अट्रॅक्टा लॅव्हिन, वय अठ्ठावन्न. ऑनर टॅन्सी, वय एक्याण्णव. फिनटन लॅव्हिन, वय सेहेचाळीस. लॅव्हिन कुटुंबाच्या दोन्ही जागा वापरल्या गेल्या असल्यामुळे कोणतीही जागा शिल्लक नाही.

ती तशीच पॅकीकडे गेली. नोंदवही त्यानंच भरून पाठवली होती. पॅकीनं पत्र दोनदा वाचलं आणि तो खुर्चीवर बसला.

"मी दोनच नावं लिहिली होती," तो म्हणाला. "आईची शपथ, अट्रॅक्टा. ऑनरचं आणि फिनटनचं. त्या पहिल्याचं काय लिहायचं ते कळेना, म्हणून ती ओळ कोरी सोडली होती."

"मग कुणी लिहिलं?"

पॅकीनं पत्राची घडी करून ते तिच्यापुढे सरकवलं. पण मघापासून तो तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता, ते तिच्या आता लक्षात आलं.

घरी येऊन तिनं पत्र पुन्हा उघडलं. खाली दोन ओळी राहिल्या होत्या. त्या तिनं घाईत वाचल्या नव्हत्या.

"आपल्या अर्जावर मयत व्यक्तीची सही असल्याचे दिसून येते. तरी अर्जदार कोण आहे, आणि मयताशी तिचे नाते काय, हे उलट टपाली कळवावे."

तिनं दौत घेतली, कोरा कागद पुढे ओढला आणि लिहायला बसली. चार वाजून गेले, नऊ वाजले, बाहेर काळोख झाला. कागद अजून कोराच होता.